कोणार्कचे द्वारपशू

आपल्याकडच्या देवळात शिरताना जे प्राणी भेटतात ते बहुतेक शांत स्वभावाचे असतात. महादेवासमोर नंदी बसलेला, त्याच्या पुढ्यात फरशीत कोरलेले कासव, आणि गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख असले तरी शतकानुशतकांच्या पायधुळीने व हळदकुंकवाने त्याचे उग्रपण इतके निवलेले असते, की कडेवरचे मूलही त्याच्या डोळ्यांत बेधडक बोटे घालते. अशा सौम्य शेजारात वाढलेला मराठी माणूस जेव्हा ओडिशात जातो, तेव्हा तेथील देवळांच्या दारी जे प्राणी त्याला आडवे येतात ते पाहून तो प्रथम थबकतो. कारण तेथे सिंह आहे तो हत्तीच्या गंडस्थळावर चढलेला आहे, हत्ती आहे त्याने सोंडेत माणूस आवळलेला आहे, आणि घोड्याच्या टापांखाली शत्रू चिरडला जात आहे. देवाच्या दारी हा संहार कशासाठी, या जिज्ञासेनेच आमची ओडिशाची यात्रा घडली. अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, परंतु त्याच म्हणीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कटकेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः तो मुलूख १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि या प्रवासाच्या ओघात त्या अमलाची एक खूण मोठ्या विलक्षण ठिकाणी आम्हांला भेटायची होती.

मुंबईहून पुणे, सोलापूर, सिकंदराबाद असा वळसा घेत जाणारी कोणार्क एक्सप्रेस भुवनेश्वरला पोहोचवते. भुवनेश्वर हे देवळांचे गाव. पण त्याचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे. आमच्या विषयापुरते एवढेच सांगतो, की डोळ्यांना या पशूंची ओळख करून द्यावयाची तर ती येथेच करून द्यावी. लिंगराजाच्या सिंहद्वारी दोन्ही बाजूंस सिंह बसलेले आहेत. शिखराच्या मध्यावर, अंतराळात झेप घेण्याच्या आविर्भावात, भिंतीतून पुढे आलेला सिंह आहे. आणि राजाराणी देवळाच्या कोनाकोपऱ्यांतून हत्तीवर चढलेले व्याल, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक पशू, आहेत. येथील जाणकार त्यांना विडाल म्हणतात. खाली हत्ती असेल तर गजविडाल आणि माणूस असेल तर नरविडाल. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांच्या जोत्यावर गजथर, अश्वथर, नरथर असे पट्टे ओळीने येतात, त्यांत प्रत्येक प्राणी आपापल्या थरात निमूटपणे चालत असतो. कलिंगाच्या शिल्पकाराने त्या थरांतले प्राणी जणू एकमेकांवर सोडून दिले आहेत.

पुरीहून कोणार्क सुमारे ३५ किलोमीटर. रस्ता बहुतांश समुद्राच्या काठाकाठाने, सुरूच्या बनांतून जातो. उडत्या वाळूपासून देवळाचे रक्षण व्हावे म्हणून गेल्या शतकाच्या आरंभी या भागात सुरूची लागवड करण्यात आली. दगडी राखणदारांच्या दिमतीला झाडांचे हे दुसरे पथक सरकारने नेमले असे म्हणता येईल. पूर्व गंग वंशातील पहिला नरसिंहदेव (कारकीर्द १२३८ ते १२६४) याने तेराव्या शतकाच्या मध्यास हे सूर्यमंदिर उभारले. बारा जोड्यांची चोवीस चाके आणि सात घोडे असलेला सूर्याचा रथ, ही त्याची कल्पना आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो रथ ज्यासाठी होता ते मुख्य शिखर मात्र आज नाही. वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन १८३७ मध्ये येथे आला तेव्हा त्याचा एक कोपरा तेवढा उभा होता, आणि तोही १८४८ च्या वादळात कोसळला. उरला तो पुढचा जगमोहन, म्हणजे सभामंडप, सुमारे १२८ फूट उंचीचा. आणि तोही ढासळू नये म्हणून १९०३ मध्ये आत वाळू भरून त्याची दारे बांधकामाने बुजवण्यात आली. तेव्हा आजची वस्तुस्थिती अशी, की येथे देव नाही, गाभाऱ्यावर शिखर नाही, दार आहे पण ते उघडत नाही. ज्यांच्यावर त्या दाराची जबाबदारी होती ते पशू मात्र अद्याप आपल्या कामावर हजर आहेत.

प्रथम भेटतात ते पूर्वेकडचे गजसिंह. मुख्य मंदिरापुढे जो उंच जोत्याचा, छप्पर हरपलेला नाटमंडप आहे, त्याच्या पायऱ्यांच्या दोहो अंगांस हे दोघे उभे आहेत. एका अखंड शिळेतून एकेक घडवलेला. उंची सुमारे ९ फूट आणि वजन सुमारे २७ टन सांगतात. खाली माणूस चेपलेला, त्याच्यावर गुडघे टेकून दबलेला हत्ती, आणि हत्तीच्या मस्तकावर पंजे रोवून उसळलेला सिंह, अशी ही तीन मजल्यांची रचना आहे. दुरून पाहताना नजर सिंहावरच खिळते: वटारलेले वाटोळे डोळे, उघडा जबडा, आयाळीच्या एकाखाली एक बसवलेल्या आखीव बटा. परंतु पायऱ्यांशी जाऊन, मान खाली घालून, जरा वेळ हत्तीकडे पाहावे. त्याच्या दुमडलेल्या पायांवर आलेला भार दगडात दिसतो. तो स्वतः मरणाच्या दारी असूनही सोंडेचा विळखा त्याने खालच्या माणसाभोवती सोडलेला नाही. वरचा आपल्याला चिरडीत असतानाही आपण खालच्याला चिरडीत राहावे, हे जे चित्र शिल्पकाराने हत्तीच्या त्या सोंडेत ओतले आहे, ते पाहून सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालवलेल्या आमच्या सोबत्यांनी एक दीर्घ निःश्वास टाकला. त्यावर भाष्य करण्याचे कारण नाही.

या शिल्पाचा अर्थ काय, हे सांगायला येथे माणसांची वाण नाही. वाटाड्या सांगतो, सिंह म्हणजे गर्व, हत्ती म्हणजे संपत्ती, आणि या दोहोंच्या खाली माणूस चिरडून जातो, म्हणून बाबू, दोन्ही बाहेर ठेवून आत या. प्रवचनाला हे ठीक आहे. दुसरे कोणी सांगतात, हत्ती म्हणजे बौद्ध धर्म आणि सिंह म्हणजे त्यावर विजय मिळवणारा वैदिक धर्म. तिसरे इतिहासाचा हवाला देऊन म्हणतात, की केसरी हे बिरुद लावणाऱ्या राजांनी गजपतींना जिंकले त्याची ही निशाणी. हे शेवटचे तर मुळीच टिकत नाही. कारण ज्या नरसिंहदेवाने हे मंदिर बांधले त्याच्याच कपिलास येथील लेखात त्याला गजपती हे बिरुद लावलेले आहे, आणि आपलेच बिरुद आपल्याच दारात सिंहाच्या पायांखाली तुडवून घेणारा राजा अजून जन्मायचा आहे. बौद्ध धर्माचा अर्थही मला पटत नाही. सिंह व हत्ती यांचे हे द्वंद्व भारतीय शिल्पात इतके जुने आणि इतके सर्वदूर पसरलेले आहे, की त्याला एका पंथाच्या पराभवाशी बांधून टाकणे म्हणजे समुद्राला एका गावची शीव घालणे होय. मला वाटते, शिल्पकाराला दाराशी बळ हवे होते. प्राण्यांमध्ये ज्याचे बळ सर्वमान्य तो हत्ती, आणि त्यालाही नमवणारा जो कोणी असेल तो दाराशी उभा केला म्हणजे आत जो बसला आहे त्याच्या सामर्थ्याचे माप येणाऱ्याला आपोआप कळते. देवाचे माहात्म्य वर्णन करण्याची ही दगडी अतिशयोक्ती आहे, आणि तिला याहून अधिक गूढ अर्थ चिकटवण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट मात्र लक्षात आल्यावाचून राहत नाही. महानदीच्या मुखाकडील या प्रदेशात सिंह हा रानात भेटणारा प्राणी नव्हता. घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो उभ्या जन्मात पाहिला नसावा. म्हणून हा सिंह पोथीतला आहे. त्याचे डोळे, त्याच्या बटा, त्याचा जबडा, सर्व काही परंपरेने ठरवून दिलेले आणि तसेच्या तसे गिरवलेले. उलट हत्ती हा त्यांच्या रोजच्या माहितीतला. मंदिराच्या जोत्याच्या अगदी तळाशी जो पट्टा फिरतो त्यावर लहान लहान हत्तींची मोजदाद सतराशेच्या घरात जाते, आणि त्यांतला एकही ठोकळेबाज नाही. कुठे रानहत्तींचा कळप हाकून कुंपणात कोंडण्याचे काम चालले आहे, कुठे माणसाळलेले हत्ती त्या कामात मदत करीत आहेत, कुठे पिल्लू आईच्या पोटाखाली शिरले आहे. उकिडवे बसून हा पट्टा पाहण्यात आमची अख्खी सकाळ गेली, आणि चाकांपाशी छायाचित्रे काढून घेणाऱ्या मंडळींना आमच्या गुडघ्यांची कीव आली.

याच जाणकारीचे भव्य रूप उत्तरेच्या अंगाला दिसते. तेथे दोन प्रचंड हत्ती उभे आहेत. गळ्यात घंटांच्या माळा, अंगावर साज, आणि सोंडेत आवळून धरलेला माणूस. ज्याला हत्तीचे वजन कसे पडते हे ठाऊक आहे, त्यानेच हे पाय घडवले. त्यांच्यात आणि पूर्वेच्या सिंहांत जो फरक आहे तो पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टीतला फरक आहे. आणि शिल्प म्हणून माझा कौल निःसंशय हत्तींच्या बाजूने आहे.

दक्षिणेचे घोडे तर याहून सरस. सजवलेला, भरदार मानेचा रणघोडा पाय रोवून पुढे निघाला आहे, सोबत योद्धा चालला आहे, आणि टापांखाली पडलेला शत्रू ढाल सावरण्याच्या धडपडीत आहे. समुद्राकडून येणारा खारा वारा येथील खोंडालाइट दगडाला मानवत नाही. त्यामुळे कोरीव कामाच्या कडा जागोजाग विरघळल्यासारख्या झाल्या आहेत, काही अवयव गळून गेले आहेत, पण त्या घोड्याचा आवेश तसूभरही उणावलेला नाही. ई. बी. हॅवेल या कलासमीक्षकाने या घोड्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि पुढे ओडिशाच्या राज्यशासनाने आपल्या मुद्रेसाठी हेच शिल्प निवडले. निवड योग्यच झाली. नरसिंहदेव हा लढवय्या राजा होता. १२४० नंतरच्या काही वर्षांत त्याने बंगालच्या तुर्क सुभेदारावर चढाई करून लखनौतीपर्यंत धडक मारली होती. त्याच्या दारी घोडा उभा राहिला तो पागेतून आलेला होता, पोथीतून नव्हे, असे त्याच्याकडे पाहताना वाटते.

आता या राखणदारांच्या दुर्दैवाची हकीकत सांगितली पाहिजे. आज ज्या जागी ते उभे आहेत त्या त्यांच्या जागा नव्हेत. मूळ योजनेत तिन्ही जोड्या जगमोहनाच्या तीन दारांपुढे होत्या: पूर्वेस गजसिंह, उत्तरेस हत्ती, दक्षिणेस घोडे. ढिगाऱ्यातून काढून दुरुस्ती करताना हत्तींची व घोड्यांची स्थापना नव्या चौथऱ्यांवर, मूळ जागेपासून काही हात अंतरावर करण्यात आली, आणि गजसिंहांची बदली तर थेट नाटमंडपाच्या पायऱ्यांवर झाली. अबुल फज्‌लने आईन-ए-अकबरीत या मंदिराचे वर्णन केले आहे. या देवळापायी मुलखाचा बारा वर्षांचा वसूल खर्ची पडला असे तो नमूद करतो, आणि दारांवरच्या या पशूंचाही उल्लेख करतो: सोंडेवर माणूस घेतलेले हत्ती, साजशृंगार केलेले घोडेस्वार, हत्तीवर चढलेले वाघ. पशू तेच, पण त्याने दिलेल्या दिशा आजच्या पाहणीशी जुळत नाहीत. त्याचे हत्ती पूर्वेस आहेत आणि वाघ उत्तरेस. दप्तरात बसून लिहिणाऱ्याच्या हातून दिशांचा घोळ होणे अशक्य नाही. पूर्वेच्या दारावरची नवग्रहांची भव्य शिळा कलकत्त्याच्या संग्रहालयात नेण्याचा बेत एकोणिसाव्या शतकात झाला, त्यासाठी ती चिरली गेली, आणि तरीही वजनापुढे हात टेकून ती थोड्याच अंतरावर सोडून द्यावी लागली. आज ती आवाराच्या एका कोपऱ्यात एका छपराखाली पूजा घेत आहे. आपण यावरून ओडिशाला नावे ठेवण्याचे कारण नाही. घारापुरीच्या किनाऱ्यावरचा जो दगडी हत्ती, तोही १८६४ मध्ये विलायतेला नेण्याच्या खटपटीत पडून फुटला, आणि पुढे सांधून भायखळ्याच्या बागेत उभा केला गेला. ज्या बेटाची तो राखण करीत होता ते समुद्रात राहिले आणि तो संग्रहालयाच्या दारी हजेरी देत आहे.

परंतु कोणार्कच्या सर्व स्थलांतरांत मोठे स्थलांतर घडवले ते आपल्याच लोकांनी. सूर्याच्या दारासमोर एक सोळा पैलूंचा, एकसंध, काळसर क्लोराइट दगडाचा स्तंभ होता, सुमारे ३४ फूट उंचीचा, आणि त्यावर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलेला होता. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील मूर्ती पुरीस हलवण्यात आली, पूजा थांबली, आणि मंदिर ओसाड पडले. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, भोसल्यांच्या अमलात, मराठ्यांचे गुरू म्हणून मान असलेल्या एका ब्रह्मचारी साधूने हा स्तंभ काढवून पुरीला नेला व जगन्नाथाच्या सिंहद्वारापुढे उभा केला. वाळूच्या आणि ओढ्याखाड्यांच्या त्या मुलखातून एवढा दगड अभंग नेणे ही कमी बहादुरी नव्हे. त्या काळी सुभ्याचे ठाणे कटकेच्या बाराबाटी किल्ल्यात होते. यात्रेकरूंवर कर होता, त्याच्या वसुलीचा चोख बंदोबस्त होता, आणि जगन्नाथाच्या सेवेच्या खर्चाकडेही सरकारचे लक्ष होते. त्या राज्यकर्त्यांनी बंगालवरील स्वाऱ्यांत जे केले त्याची आठवण तेथील लोक अद्याप चांगल्या शब्दांत काढीत नाहीत, हे मान्य करूनच मी हे लिहितो. स्तंभ उपटला हे वाईट केले, की ओसाड जागेतून काढून त्याला नांदत्या देवाच्या दारी आणले हे चांगले केले, याचा निवाडा करणे मला कठीण वाटते. कोणार्कला त्याची रिकामी जागा पाहिल्यावर पहिले मत होते, आणि पुरीला त्याच्या पायाशी माणसांची रीघ पाहिल्यावर दुसरे.

पुरीस आल्यावर द्वारपशूंच्या मूळ योजनेचा खरा उलगडा होतो, कारण येथे देव आहे, दारे उघडी आहेत आणि चारही दिशांचे राखणदार आपापल्या नावांसह नांदत आहेत. पूर्वेस सिंहद्वार, दक्षिणेस अश्वद्वार, पश्चिमेस व्याघ्रद्वार, उत्तरेस हस्तिद्वार. बडदांड नावाच्या प्रशस्त रस्त्याने आपण येतो तो सिंहद्वारी. तेथे मुकुट घातलेले दोन सिंह रंगरंगोटी लेऊन बसले आहेत. कोणार्कच्या दगडी उग्रतेनंतर हे रंगीत सिंह प्रथमदर्शनी थोडे बाळबोध वाटतात. पण आत शिरणारी बाई जाता जाता त्यांच्या पायाला हात लावून तो कपाळी नेते, पंडा यजमानाला भेटण्याची खूण म्हणून त्यांचेच नाव सांगतो, आणि आतून बाहेर आलेली मुले चुकू नयेत म्हणून त्यांच्याजवळ उभी केली जातात. कामावर असलेल्या राखणदाराची ही चिन्हे आहेत. दक्षिणेच्या घोड्यांवर जगन्नाथ व बलभद्र आरूढ आहेत. कांचीच्या स्वारीत राजा पुरुषोत्तमदेवाच्या मदतीला दोघे बंधू घोड्यांवर बसून स्वतः गेले आणि वाटेत माणिका गवळणीकडून दही प्याले, ही कथा येथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. अशा रीतीने कोणार्कला जो घोडा राजाच्या पागेतला होता तो पुरीत देवाचे वाहन झाला आहे. उत्तरेचे हत्ती आक्रमणात विद्रूप झाले व मग डागडुजी करून आतल्या आवाराच्या दारी ठेवले गेले, असे येथे सांगतात.

सिंहद्वारातून आत बाइसी पाहाच या बावीस पायऱ्या चढून जावे लागते. ज्यांना आत प्रवेश नाही अशांसाठी दारातच पतितपावन या नावाने जगन्नाथाची मूर्ती आहे, ती रस्त्यावरून दिसते. याच दारासमोर तो अरुणस्तंभ. सूर्याचा सारथी आता जगन्नाथाला हात जोडून आहे, आणि ज्या गजसिंहांच्या संगतीत त्याने पाच शतके काढली ते तिकडे ३५ किलोमीटरांवर, छप्पर नसलेल्या मंडपाच्या पायऱ्यांवर राहिले आहेत.

परतताना नागपूरवरून येणाऱ्यांना एक सूचना करतो. चंद्रपूरला उतरून जटपुरा व पठाणपुरा या वेशी पाहाव्यात. गोंड राजांनी बांधलेल्या त्या दगडी वेशींवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. तेच गोंडांचे राजचिन्ह. चांदा, म्हणजे हे चंद्रपूरही, पुढे भोसल्यांकडे गेले, म्हणजे ज्यांच्या अमलात अरुणस्तंभ हलला त्यांच्याच मुलखाच्या या टोकाला गजसिंह वेशीवर बसलेला होता. तसेच जंजिऱ्याच्या दारावर पंजांत हत्ती पकडलेला जो पशू आहे, तोही याच घराण्यातला. देवळाचा राखणदार किल्ल्यावर आणि नगराच्या वेशीवर गेला तरी त्याने आपला धंदा बदलला नाही.

वाचकांपैकी कोणी ओडिशास जाणार असतील त्यांनी कोणार्क आधी पाहावे आणि पुरी नंतर. कोणार्कला सकाळी लवकर जावे, म्हणजे पूर्वेचे ऊन थेट गजसिंहांच्या तोंडावर असते, आणि चाकांकडे वळण्यापूर्वी उत्तरेच्या हत्तींना व दक्षिणेच्या घोड्यांना पुरेसा वेळ द्यावा. शिल्पांना हात मात्र लावू नये. तो खोंडालाइट आधीच झिजला आहे.